मरणाचा अभ्यास की मरणाचा विचार?

तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी महिनोन्‌महिने फक्त प्लेगबद्दल वाचते आहे. चौदाव्या शतकात तो जहाजांतून कोणत्या बंदरांत उतरला, गावंच्या गावं कशी ओस पडली, प्रेतं पुरायला जागा पुरेना तेव्हा लोकांनी काय केलं, हे सगळं तिला पाठ आहे आणि जेवताना ती ते सगळ्यांना ऐकवते. त्याच वयाची दुसरी मुलगी खोलीचं दार लावून बसते आणि तिच्याही डोक्यात मृत्यूच असतो. दोघी ऑटिस्टिक आहेत. दोघी तासन्‌तास एकट्या असतात आणि दोघींच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. घरच्यांना घोर लागतो तो बहुधा पहिलीचा, कारण ती बोलते. दुसरी बोलत नाही, म्हणून ती ‘समजूतदार’ ठरते.

पहिलीची आहे ती गडद विषयाची ओढ, दुसरीचं आहे ते नैराश्यातलं विचारांचं रवंथ. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात आणि त्यांची गल्लत दोन्ही बाजूंनी महागात पडते. पहिलीला उगीच उपचारांकडे ढकललं जातं, दुसरीला वेळेवर मदत मिळत नाही.

एकाच विषयात खोल बुडून जाणं हा ऑटिझमचा जुना, ओळखीचा भाग आहे. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत, तीव्रतेने किंवा विषयाने असाधारण वाटणाऱ्या मर्यादित आवडी हे एक लक्षण म्हणून नोंदवलं आहे. तो विषय गोड असावा अशी अट तिथे कुठेही नाही. डिना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी २००५ मध्ये ‘मोनोट्रोपिझम’ची कल्पना सविस्तर मांडली: ऑटिस्टिक माणसाचं लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींवर, पण सगळ्या ताकदीने जातं. हे लक्ष रेल्वेच्या वेळापत्रकावर गेलं तर लोक कौतुक करतात, शवविच्छेदनावर गेलं तर घाबरतात. लक्ष तेच असतं.

मग गडद विषयच का? मला वाटतं, याचं उत्तर एका अपघातातून नीट सांगता येईल. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या विमानतळावर, धुक्यात, दोन बोइंग ७४७ विमानं धावपट्टीवर एकमेकांना धडकली आणि ५८३ माणसं गेली. ज्याला या विषयाचं वेड आहे तो ५८३ या आकड्यावर थांबत नाही. दुसऱ्या विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे विमानं इकडे कशी वळवली गेली, एकाच क्षणी दोघे रेडिओवर बोलल्यामुळे महत्त्वाचे शब्द कसे कर्कश आवाजात बुडाले, उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना एका कॅप्टनने विमान का दामटलं, हे तो एकेक कडी जोडत सांगेल. आणि पुढे हेही सांगेल की त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा अशी शिस्त आली. म्हणजे तो मरणाबद्दल बोलत नाहीये, कारणांबद्दल बोलतोय. आपत्ती ही घडून संपलेली गोष्ट असते. तिच्यात कुणी ऐनवेळी शब्द फिरवत नाही, प्रत्येक परिणामामागे कारण सापडतं. ज्याला रोजच्या माणसांचे अर्धवट इशारे दमवतात, त्याला हे जग सुसंगत वाटलं तर नवल नाही. टायटॅनिकचं वेड असलेली मुलंही अशीच थेट लाइफबोटींच्या संख्येवर पोहोचतात.

दुसरं कारण कमी बोललं जातं. ज्याला लहानपणापासून चिडवलंय, वगळलंय, त्याला जग गोड आहे असं सांगणारी पुस्तकं खोटी वाटतात. गडद विषय निदान खरं बोलतात. भयपटात भीती असते, पण बटण आपल्या हातात असतं. शिवाय विषय काळा असला म्हणून वाचणारा दुःखीच असतो असं नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोविडच्या काळात भयपटांच्या चाहत्यांना मानसिक त्रास तुलनेने कमी झाल्याचं दिसलं. तो अभ्यास खास ऑटिस्टिक लोकांचा नव्हता, पण ‘काळं वाचतो म्हणजे मनही काळं’ या समीकरणाला त्याने चांगलाच धक्का दिला.

आता रवंथ. सुझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ मध्ये त्याची मांडणी केली: आपल्याला किती वाईट वाटतंय, का वाटतंय, याचं पुढे काय होणार, यावरच मन पुन्हापुन्हा जाणं आणि त्यातून कुठलीही कृती न निघणं. इथे लक्ष बाहेर जात नाही, वळून स्वतःवरच येतं. पहिल्या मुलीकडे आज कालच्यापेक्षा एक नवी माहिती असते. दुसऱ्या मुलीकडे तेच वाक्य असतं, कालचंच: मी ओझं आहे, माझ्याने काही होणार नाही. दिवसभर दळण चालू, पीठ मात्र नाही.

फरक ओळखायचा तर विषयाचं नाव विचारून फारसं हाती लागत नाही. तासभर त्यात घालवल्यावर माणूस कसा बाहेर येतो ते बघावं. आवडीतून उठलेला माणूस थकलेला असेल, जेवायला उशीर झाला म्हणून कुरकुरेल, पण त्याला सांगायचं असतं. समोरच्याला रस नसला तरी सांगायचं असतं! रवंथातून उठलेल्याला काहीच सांगायचं नसतं, आणि सांगितलंच तर ते स्वतःबद्दलचा निकाल असतो.

चेहरा आणि आवाज यांवर मात्र विसंबू नये, निदान अनोळखी माणसाने तरी. अनेक ऑटिस्टिक लोकांचा आवाज आनंदातही सपाट असतो, तर मास्किंगची, म्हणजे आपलं ऑटिस्टिकपण लपवून इतरांसारखं वागून दाखवण्याची सवय असलेली माणसं आतून कोसळत असताना छान हसतात. त्यात भर ॲलेक्सिथायमियाची, म्हणजे आपल्याला काय वाटतंय हे स्वतःलाच ओळखता न येण्याची. संशोधनांच्या एका एकत्रित आढाव्यात सुमारे निम्म्या ऑटिस्टिक लोकांत ती आढळली. अशा माणसाला ‘कसं वाटतंय?’ विचारलं की उत्तर येतं, ‘ठीक.’ ते खोटं नसतं. त्याला खरंच दुसरा शब्द सापडलेला नसतो.

या दोन्हींत ओसीडीतले, म्हणजे मनाविरुद्ध तेच विचार पुन्हापुन्हा येण्याच्या विकारातले, नकोसे विचार मिसळू नयेत. तिथे माणसाला भयंकर चित्रं दिसतात, पण तो त्यांच्यापासून पळत असतो, त्यांची किळस येते म्हणून हतबल होतो. तिथे ओढ नसते. त्यावरचे उपचारही वेगळे आहेत.

इथवर सगळं सरळ वाटेल, पण ते तसं नाही. एकाच माणसात दोन्ही असू शकतात, आणि ऑटिस्टिक लोकांत नैराश्य दुर्मीळ मुळीच नाही. इंग्लंडमधल्या एका निदान केंद्रात अस्पर्गरचं (ऑटिझमच्याच एका प्रकाराचं तेव्हाचं नाव) नवं निदान झालेल्या ३७४ प्रौढांपैकी ६६ टक्के लोकांनी आयुष्यात कधीतरी आत्महत्येचा विचार आल्याचं सांगितलं, तर ३५ टक्के लोकांनी त्याचा बेत किंवा प्रयत्न केल्याचं. हे २०१४ मध्ये ‘द लॅन्सेट सायकिअॅट्री’त छापून आलं. २०१८ च्या पुढच्या कामात धोका वाढवणाऱ्या गोष्टी म्हणून मास्किंग आणि न मिळालेला आधार पुढे आले.

म्हणून या माणसाची तुलना इतरांशी करू नये, त्याच्याशीच करावी. दहा वर्षं ज्वालामुखी आणि साथीचे रोग वाचणारा आजही तेच वाचत असेल तर ती बातमी नाही. आगगाड्या वाचणारा अचानक फक्त मृत्यूबद्दल वाचू लागला, तर ती बातमी आहे. नैराश्यात आवडीचा विषय अधिक भेसूर होत गेल्याचं मानसोपचारतज्ज्ञांनी नोंदवलेलं आहे. ‘त्यांनी असं का केलं’ हा प्रश्न सरकत ‘मी केलं तर’ पर्यंत आला, तर विषय तोच राहूनही सगळं बदललेलं असतं. आणि एक खूण घरच्यांना हमखास चुकवते: आवड गप्प होणं. प्लेगबद्दल बडबडणारी मुलगी जेवताना काही बोलेनाशी झाली, नवं पुस्तक न उघडता पडून राहिलं, की घरात हायसं वाटतं, ‘सुटलं एकदाचं ते खूळ’. प्रत्यक्षात रस उडणं हेच नैराश्याच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक आहे. झोप, खाणं, अंघोळ यांतही बदल दिसत असेल आणि दोन आठवडे उलटले असतील तर थांबण्यात अर्थ नाही.

विचारायचं असेल तर थेट आणि ठोस विचारावं. ‘मन लागतंय ना?’ हा प्रश्न इथे कुचकामी आहे. ‘या आठवड्यात प्लेगबद्दल काही नवीन वाचलंस का?’, ‘रात्री किती वाजता झोप लागली?’ यांची उत्तरं मिळतात. ‘मरून जावंसं वाटतं का? आत्महत्येचा विचार येतो का?’ हेही याच शब्दांत विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती संशोधनाने खोटी ठरवली आहे. शब्दशः अर्थ घेणाऱ्या माणसाला ‘तू स्वतःला काही करणार नाहीस ना?’ विचारलं तर तो ‘नाही’ म्हणेल, कारण आज करणार नाहीये. प्रश्न काळासह विचारावा, आणि बोलणं जड जात असेल तर लिहून उत्तर द्यायची मुभा असावी. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

अशा वेळी पुस्तकं कपाटात कोंडायची आणि साइट बंद करायच्या हा घाईचा उपाय मला पटत नाही. स्वतःला इजा करण्याची साधनं आणि पद्धतींचे तपशील दूर ठेवावेत, यात वाद नाही. पण टेनेरिफ किंवा प्लेग काढून घेतला तर रवंथ थांबत नाही, त्याला मोकळं रान मिळतं. मन बाहेर जाण्याची असलेली एक वाटही बुजते. चांगला समुपदेशक उलट तिथूनच सुरुवात करतो: आधी अर्धा तास अपघाताच्या चौकशी अहवालाबद्दल ऐकून घेतो, मग त्याच पद्धतीने विचारतो की मागच्या मंगळवारी नेमकं काय बिघडलं आणि त्याआधी काय काय घडलं होतं.