वेबपानाला न दिसणारी खोली

फोनच्या ब्राउझरमध्ये खुर्चीचं चित्र पाहायचं, बटण दाबायचं, की कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या आपल्याच खोलीत ती खुर्ची जमिनीवर उभी. वेगळं अ‍ॅप डाउनलोड करायची भानगड नाही. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, म्हणजे एआर, वेबवर इतकी सोपी दिसते. आपण फोन घेऊन खोलीभर फिरलो तरी खुर्ची जागची हलत नाही, ही त्यातली खरी करामत.

त्यासाठी फोनला स्वतःची जागा सतत कळावी लागते. कॅमेऱ्यात दिसणारे ठळक बिंदू, कोपरे, डाग तो एका फ्रेममधून पुढच्या फ्रेममध्ये शोधत राहतो आणि त्याला अ‍ॅक्सेलरोमीटर व जायरोस्कोप या हालचाल आणि वळण टिपणाऱ्या सेन्सरच्या मोजमापांची जोड देतो. हे गणित आयफोनवर अ‍ॅपलचं एआरकिट हे सॉफ्टवेअर करतं, अँड्रॉइडवर गूगलचं एआरकोर. दोन्ही २०१७ साली जाहीर झाली, पण एकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नाही. शिवाय कंपनीच्या मर्जीवर उभारलेलं काम केव्हाही पोरकं होऊ शकतं. मेटायो या जर्मन कंपनीची एआर साधनं अनेक विकसक वापरत होते. २०१५ मध्ये अ‍ॅपलने ती कंपनी घेतली आणि साधनांची विक्री थांबली. गूगलनेही आपला टँगो हा एआर प्रकल्प २०१८ मध्ये गुंडाळला.

वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम या संस्थेत घडत असलेलं वेबएक्सआर हे खुलं मानक यावर उपाय शोधतं. वेबपान ब्राउझरशी बोलतं. खाली कोणत्या कंपनीची यंत्रणा आहे, याच्याशी पानाला देणंघेणं नाही. या संवादात पानाला काय मिळतं यापेक्षा काय मिळत नाही, ते मला जास्त रंजक वाटतं.

समजा, खुर्ची ठेवायची आहे. पान विचारतं: पडद्यावरच्या या बिंदूतून सरळ रेषा पुढे नेली, तर ती कुठे टेकते? उत्तरात त्या जागेचे सहनिर्देशक आणि पृष्ठभागाची दिशा येते, बस. कॅमेऱ्याचं चित्र येत नाही. पान पारदर्शक पार्श्वभूमीवर फक्त खुर्ची रंगवतं आणि ती खऱ्या दृश्यावर चढवण्याचं काम यंत्रणा परस्पर करते. खोलीतला पसारा, भिंतीवरचे फोटो पानापर्यंत पोहोचतच नाहीत. खोलीतल्या प्रकाशाचा अंदाजही ढोबळच दिला जातो, कारण बारीक तपशिलातून खोलीचं प्रतिबिंब उमटलं असतं. प्रत्यक्ष चित्र हवंच असेल, तर वेगळी परवानगी मागावी लागते. विकसक यावर कुरकुरतात, कारण चित्र नसेल तर समोरची वस्तू ओळखणारा स्वतःचा प्रोग्रॅम चालवता येत नाही. तरी हा निर्णय मला योग्यच वाटतो. ओळखदेख नसलेल्या पानाला कोण घरभर फिरू देईल?

खुर्चीच्या त्रिमित आकारासाठी ग्राफिक्सची मानकं ठरवणाऱ्या ख्रोनोस गटाचं जीएलटीएफ हे खुलं फाइल-स्वरूप आहे. २०२२ पासून ते आयएसओ मानकही आहे. वेबएक्सआर आणि जीएलटीएफ या दोन्ही मानकांत अंतराचं एकक मीटर असल्याने खुर्ची खऱ्या मापाची उतरते.

घोडं अडतं ते आयफोनवर. तिथल्या सफारीने वेबएक्सआर स्वीकारलेलं नाही. अ‍ॅपलचा मार्ग यूएसडीझेड या त्रिमित आकाराच्या वेगळ्या फाइलचा. ब्राउझर बदलूनही फारसा फरक पडत नाही, कारण आयफोनवरचे जवळपास सगळे ब्राउझर आतून अ‍ॅपलचंच वेबकिट हे पानं दाखवणारं इंजिन वापरतात. परिणामी अनेक संकेतस्थळं एकाच खुर्चीच्या दोन फाइली बाळगतात.

घराबाहेरचा प्रश्न आणखी अवघड आहे. रस्त्यावर बाण दाखवायचा तर जीपीएसची काही मीटरची चूकही त्याला शेजारच्या दारावर नेऊन ठेवते. अक्षांश, रेखांश, उंची आणि दिशा एकत्र कशी नोंदवायची, हे स्थानमाहितीची मानकं बनवणाऱ्या ओपन जिओस्पेशियल कन्सोर्शियमचं जिओपोझ मानक ठरवून देतं. ती जागा अचूक शोधण्यासाठी मात्र परिसराच्या छायाचित्रांतून बनवलेले नकाशे लागतात, आणि असे मोठे नकाशे मोजक्या कंपन्यांच्या सर्व्हरवर आहेत.