रिपोर्ट नॉर्मल, मग हाड कसं मोडलं?

दादरला राहणाऱ्या माझ्या मावशीचं मनगट गेल्या पावसाळ्यात मोडलं. बाथरूममध्ये पाय घसरला, तोल सावरायला हात टेकला, एवढंच. वय 71. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "अहो, माझं कॅल्शियम तर नॉर्मल होतं!"

खरंच होतं, 9.2. पण तो आकडा रक्ताचा, हाडांचा नव्हे.

शरीरात किलोभर कॅल्शियम असतं, त्यातलं 99 टक्के हाडांत आणि दातांत. रक्तात असतं अगदी थोडं. पण हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल, रक्त गोठणं, सगळं त्यावर चालतं. म्हणून शरीर ही पातळी ढळू देत नाही. पहारा देतात थायरॉइडच्या मागच्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी, प्रत्येकी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. कॅल्शियम किंचित उतरलं की त्या पीटीएच नावाचं संप्रेरक सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढतं, लघवीवाटे जाणारं अडवतं आणि मूत्रपिंडाकडून ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप बनवून घेतं. या सक्रिय रूपामुळे आतडं अन्नातलं कॅल्शियम जास्त शोषतं. (कॅल्सिटोनिन हे संप्रेरक उलट दिशेने काम करतं, पण माणसात त्याचा वाटा छोटा.)

म्हातारपणी नेमकी ही ड जीवनसत्त्वाची वाट झिजते, तीही जागोजागी. उन्हात ड बनवणारा कच्चा माल त्वचेत कमी होतो. तरुण त्वचेच्या तुलनेत सत्तरीपुढची त्वचा निम्म्याहूनही कमी ड बनवते, असं 1985 च्या एका प्रयोगात दिसलं. मूत्रपिंड थकतं, सक्रिय रूप कमी तयार होतं. जे होतं, त्यालाही आतडं पूर्वीसारखी दाद देत नाही. जेवणातून कॅल्शियम पुरेसं येईना, की पीटीएच वाढतं आणि तूट हाडांतून भरून निघते. घरखर्चासाठी मुदत ठेव मोडावी तसं. पासबुकात शिल्लक ठीक दिसते, ठेव मात्र आटत जाते.

बायकांमध्ये ही ठेव आधीच मोडायला लागलेली असते. हाड खाणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन आवर घालतं. पाळी गेली की तो आवर सुटतो आणि पुढची काही वर्षं हाडं झपाट्याने झिजतात.

मुंबईत उन्हाला काय तोटा, असं वाटतं. पण शिवाजी पार्कवर सकाळी साडेसहाला चालणाऱ्यांना मिळतं ते कोवळं ऊन. ड बनायला लागणारे अतिनील किरण त्यात फार कमी. ते दुपारच्या आसपास भरपूर असतात, तेव्हा सगळे घरात. बंद खिडकीच्या काचेतून तर ते जवळजवळ येतच नाहीत.

मावशीच्या डॉक्टरांनी या वेळी कॅल्शियमसोबत ड जीवनसत्त्व आणि पीटीएचही तपासायला सांगितलं. कॅल्शियम पुन्हा 9.2. ड कमी, पीटीएच मर्यादेच्या वर.