तीन रंगांतून काळा होतो, मग काळी शाई कशाला?

‘छपाईत तीन रंग मिसळले की काळा होतोच, वेगळी काळी शाई म्हणजे शाई विकणाऱ्या कंपन्यांची लूट,’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही.

याकोब ख्रिस्तोफ ल ब्लाँ (१६६७–१७४१) हा फ्रांकफुर्टचा चित्रकार. निळा, पिवळा, लाल अशा तीन तांब्याच्या पाट्या एकाच कागदावर छापून त्यानं रंगीत चित्रं काढली आणि १७१९ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट मिळवलं. तिन्ही रंगांतून काळा होतो, असं त्यानंच लिहिलंय. पण तोच माणूस प्रत्यक्ष छापताना काही वेळा चौथी, काळी पाटीही वापरायचा! मला तर हीच गोष्ट सगळ्यात बोलकी वाटते.

कारण साधं आहे. कुठलीच शाई अगदी शुद्ध रंगाची नसते. आजच्या निळसर, किरमिजी आणि पिवळ्या शाया एकावर एक चढवल्या तरी मळकट तपकिरी छटा उरते. शिवाय तिप्पट शाईनं कागद ओला होतो, वाळायला वेळ लागतो.

खरा घात अक्षरांचा होतो. वर्तमानपत्रातला रंगीत फोटो भिंगाखाली धरा. चार रंगांचे ठिपके दिसतील, आणि कधीकधी कडेला किरमिजी रेघ सुटलेली. छपाईत रंग केसभर सरकला की असं होतं. फोटोत ते खपून जातं. पण बारीक अक्षर तीन शायांत छापलं, तर ‘घ’ आणि ‘ध’मधला फरकसुद्धा पुसट होईल. काळ्या शाईत अक्षर एकदाच उमटतं, म्हणून कड स्वच्छ राहते.