मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

मुलांकडे अमेरिकेला निघालेले आई-बाबा आमच्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो. त्याचं नीट उत्तर हाताशी असावं, म्हणून हे माहितीपत्रक.

मुंबई ते न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ हे हवाई अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ ओढली, तर ती अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते. पण पृथ्वी गोल असल्यामुळे जवळची वाट वेगळीच निघते. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहा. तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, मॉस्को, आइसलँड असा पार उत्तरेकडून जाईल.

प्रत्यक्षात विमानांना हीच वाट धरता येईल असं नाही. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, आणि अमेरिकी कंपन्यांना २०२२ पासून रशियावरून उडता येत नाही. वळसा पडला की वेळ वाढतो. म्हणून नेटवर दिसणाऱ्या तासांपेक्षा तिकिटावरची वेळच खरी धरा.

थेट विमानाला जाताना साधारण १६ तास लागतात. येताना दीड-दोन तास कमी, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानाला पुढे रेटतात.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. न्यूयॉर्क आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. समजा, जूनमध्ये रात्री १ वाजता मुंबईहून निघालात, तर १६ तासांनी तिथे त्याच दिवशीचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. मुलांना उतरण्याची हीच वेळ कळवा. आणि १६ तारखेचं रात्री १ चं विमान म्हणजे १५ तारखेला रात्री ९ च्या सुमारास विमानतळावर हजर. इथे भलेभले चुकतात, तेव्हा कॅलेंडरवर १५ तारखेलाच खूण करा.

लंडनमार्गे गेल्यास अंतर जेमतेम २०० किलोमीटरने वाढतं, दुबईमार्गे ४०० च्या आसपास. वेळ खातो तो मधला थांबा. दीड तासाचं कनेक्शन स्वस्त पडलं तरी ज्येष्ठांसाठी आम्ही ते सुचवत नाही, कारण पहिल्या विमानाला थोडा जरी उशीर झाला तरी धावपळ होते. तीन-चार तास हाताशी असू द्या आणि सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे दुसरं विमान चुकल्यास पुढची सोय कंपनी करते. परवडत असेल आणि पहिलीच खेप असेल, तर थेट विमानच बरं.

न्यूयॉर्कहून पुढे डॅलस किंवा शिकागोला जायचं असेल, तर सामान सहसा न्यूयॉर्कलाच ताब्यात घेऊन, कस्टम्स ओलांडून पुन्हा द्यावं लागतं. त्याचा वेळ वेगळा धरा. रोजची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेतच ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोसच्या वेळा आधी डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. व्हीलचेअर हवी असल्यास बुकिंग करतानाच सांगा, आम्ही ती तिकिटावर नोंदवून देतो.