नॉर्वेची कणगी, नेपाळचं हातावर पोट

नेपाळमध्ये बनणारी जवळपास सगळी वीज पाण्याची. नॉर्वेत दहा युनिटांपैकी नऊ पाण्याची. हरित विजेचे तक्ते काढले की हे दोन देश वरच्या ओळींत शेजारीशेजारी दिसतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, दोघांचं सारखंच चाललं असेल. प्रत्यक्षात ऐन हिवाळ्यात नॉर्वेतली माणसं याच विजेवर घरं उबदार ठेवतात, आणि नेपाळला भारताकडून वीज विकत घ्यावी लागते.

टक्केवारीत हे दिसत नाही, कारण वीज कशापासून बनली एवढंच ती सांगते. कधी बनली आणि हवी तेव्हा बनवता येते का, याबद्दल ती गप्प असते. त्यासाठी साठवलेल्या पाण्याची वीज आणि वाहत्या पाण्याची वीज वेगळी काढायला हवी. बातम्यांत दोन्ही ठिकाणच्या भिंतीला सरसकट 'धरण' म्हणतात, तिथेच घोळ होतो. आपल्याकडचा शेतकरी तो करणार नाही. धरणाचं पाणी उन्हाळ्यात कामी येतं आणि ओढ्यावरच्या बंधाऱ्याचा ओढा आटला की खेळ संपतो, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

वाहत्या पाण्याच्या प्रकल्पाला सगळीकडे 'रन ऑफ द रिव्हर' म्हणतात. नदीत बुटका बंधारा घालायचा, पाणी बोगद्यात वळवायचं, डोंगराच्या पोटातून काही किलोमीटर नेऊन खाली टर्बाइनवर सोडायचं आणि तेच पाणी पुन्हा नदीला द्यायचं. आज नदीने जेवढं आणलं तेवढीच आजची वीज. म्हणजे हातावर पोट. साठवणीच्या प्रकल्पाला कणगी असते. ती सुगीत भरायची आणि लागेल तसं त्यातून काढायचं.

ही कणगी मोजताही येते. हजार लिटर पाणी 367 मीटर खाली आलं आणि वाटेत काहीच वाया गेलं नाही, तर बरोबर एक युनिट वीज मिळते. म्हणून नॉर्वेत जलाशयांत किती पाणी आहे हे लिटरांत न सांगता विजेत सांगतात. देशातले हजाराहून जास्त जलाशय काठोकाठ भरले तर त्यांत सुमारे 8,700 कोटी युनिट वीज मावते. देशाच्या वर्षभराच्या वापराच्या निम्म्याहून ती बरीच जास्त आहे. दक्षिणेकडच्या ब्लोशो या एकट्या जलाशयात 780 कोटी युनिटं बसतात.

नॉर्वेला हे निसर्गाने अर्धं आयतं दिलं. हिमनद्यांनी कोरलेली तळी उंच पठारांवर आहेत, तिथे वस्ती विरळ आहे आणि पठार संपलं की कडा थेट समुद्राकडे उतरतो. वर्षाचं चक्र आपल्यापेक्षा उलटं चालतं. हिवाळ्यात पाणी बर्फ होऊन डोंगरावर बसतं, वसंतात वितळून जलाशय भरतं, आणि पुढच्या हिवाळ्यात ते जपून वापरत एप्रिलच्या सुमारास तळाकडे नेलं जातं. भरलेल्या तळ्याच्या तळाला खालून बोगदा खणत न्यायचा आणि शेवटचा खडक सुरुंगाने उडवायचा, ही लेक टॅपिंगची पद्धत तिथे मुरलेली आहे. कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी 1999 मध्ये शिवसागरात तीच वापरली गेली.

नेपाळची गोष्ट अवघड आहे, आणि मला तीच जास्त बोलकी वाटते. इथे पाणीवीज काही काल आलेली नाही. काठमांडूजवळ फर्पिंगला 500 किलोवॅटचं केंद्र 1911 मध्ये, राणांच्या राजवटीत सुरू झालं. आता देशातल्या केंद्रांची एकूण क्षमता 3,000 मेगावॉटच्या पुढे गेली आहे. त्यातली बहुतेक केंद्रं वाहत्या पाण्याची. आषाढ-श्रावणात नद्या फुगल्या की सगळी यंत्रं पूर्ण जोरात चालतात, उरलेलं पाणी टर्बाइनला न लावता तसंच सोडून द्यावं लागतं. पौष-माघात त्याच नद्या रोडावतात आणि निर्मिती क्षमतेच्या एक तृतीयांशाच्या आसपास येते. यंत्रात बिघाड नसतो. पाणीच नसतं.

'इतक्या मेगावॉटचा प्रकल्प' ही बातमी म्हणूनच जपून वाचावी. मेगावॉट यंत्राची ताकद सांगतो. घराच्या बिलात येतात ती युनिटं, आणि ती पाण्यावर ठरतात. नेपाळमधली बरीच केंद्रं अशा प्रवाहासाठी बांधली आहेत, की तेवढं पाणी वर्षातले शंभरपैकी चाळीसच दिवस नदीत असतं. उरलेले साठ दिवस यंत्र अर्धपोटी.

लोडशेडिंग हा शब्द काठमांडूतही आपल्याकडच्याइतकाच रुळलेला आहे. ऑगस्ट 2008 मध्ये कोशी नदीचा बांध फुटला, भारतातून येणारी वीजवाहिनी तुटली, आणि त्या हिवाळ्यात राजधानीत दिवसाचे सोळा तास वीज जाऊ लागली. सप्टेंबर 2016 मध्ये कुलमान घिसिंग वीज प्राधिकरणाचे प्रमुख झाले आणि त्याच दिवाळीत काठमांडू उजळलं. श्रेय त्यांना मिळालं आणि ते योग्यही आहे, पण ढल्केबर-मुझफ्फरपूर वाहिनीवरून आलेल्या भारतीय विजेचा वाटाही त्यात मोठा होता. हातावर पोट असलेल्याला शेजारी उसनं देणारा भेटला, असं त्याचं सरळ वर्णन करता येईल.

कणगी नेपाळकडे अजिबात नाही असं नाही. मकवानपूर जिल्ह्यात कुलेखानी आहे. 60 मेगावॉटचं पहिलं केंद्र 1982 मध्ये सुरू झालं, आणि तेच पाणी पुढे खालच्या आणखी दोन केंद्रांना वापरलं जातं. मूळ साठा साडेआठ कोटी घनमीटरचा. आपला शिवसागर त्याच्या तीसपटींहून मोठा आहे. त्यातही 1993 च्या महापुरात कुलेखानीत गाळाचे ढीग आले. एका अख्ख्या देशाला इतकी वर्षं ऋतूभर पुरवायची कणगी म्हणून हीच एक पुरवून पुरवून वापरावी लागली.

फरक किती मोलाचा आहे हे दरांवरून कळतं. नेपाळचं वीज प्राधिकरण खासगी उत्पादकांकडून वीज घेतं. वाहत्या पाण्याच्या विजेला पावसाळ्यात युनिटमागे 4.80 नेपाळी रुपये आणि सुक्या ऋतूत 8.40. साठवणीच्या विजेला पावसाळ्यात 7.10, सुक्या ऋतूत 12.40. तारेतून जाणारं युनिट तेच, ते कुठल्या महिन्यात देऊ शकता त्यावर किंमत ठरते.

मग साठवणीचीच धरणं का बांधत नाहीत? हिमालयातल्या दऱ्या अरुंद आणि तीव्र उताराच्या. उंच भिंत बांधूनही मागे पाणी थोडंच थांबतं. नदी गाळ घेऊन येते, भूकंपाची धास्ती आहे, आणि दरीत जी थोडी सपाट जमीन असते तिच्यावरच गावं आणि शेतं असतात, ती बुडतात. खासगी गुंतवणूकदार तर बंधारा आणि बोगदा एवढ्यावर काम होत असेल तर दुसरीकडे बघतच नाही. 1,200 मेगावॉटचा बुढीगण्डकी प्रकल्प म्हणूनच वर्षानुवर्षं चर्चेतच आहे. सेती नदीवर 140 मेगावॉटचा तनहूँ प्रकल्प मात्र प्रत्यक्ष बांधला जातो आहे.

मधला एक प्रकार आहे, आणि सगळ्यात जास्त फसवतो तोच. बंधाऱ्यामागे काही तासांपुरतं पाणी अडवायचं आणि संध्याकाळी मागणी वाढली की सोडायचं. दोलखातला 456 मेगावॉटचा अपर तामाकोशी असाच आहे. तिथला साठा संध्याकाळ काढून देतो, पण माघ महिना काढून देऊ शकत नाही. भिंतीच्या उंचीवरून तर काहीच ठरवू नये. चिनाबवरच्या बगलिहारची भिंत 140 मीटरहून उंच आहे, तरी तो रन ऑफ द रिव्हर. सिंधू जलकराराने पश्चिमेच्या नद्यांवर भारताला पाणी साठवायला कडक मर्यादा घातल्या होत्या, म्हणून त्या भिंतीमागे किती पाणी अडवायचं यावर दोन देश भांडले. 2007 मध्ये तटस्थ तज्ज्ञाने साठा 3.75 कोटी घनमीटरवरून 3.26 कोटींच्या आसपास आणायला सांगितलं.

नॉर्वेची कणगी मोठी असली तरी अक्षय नाही. 2022 च्या कोरड्या उन्हाळ्यात दक्षिणेकडचे जलाशय उतरले, विजेचे दर भडकले आणि सरकारला निर्यातीवर मर्यादा घालण्याची भाषा करावी लागली. झाम्बियाचे हाल तर त्याहून वाईट. झाम्बेझीवरचा करिबा जगातल्या सर्वांत मोठ्या मानवनिर्मित जलाशयांपैकी एक, झाम्बिया आणि झिम्बाब्वे दोघांच्या भागीदारीचा. 2024 च्या दुष्काळात तो इतका खाली गेला की झाम्बियात दिवसाचे बरेचसे तास अंधारात गेले. कणगी एका वाईट वर्षाला पुरते. लागोपाठ कमी पाऊस झाला, किंवा दोघांनी दोन्ही बाजूंनी उपसली, तर तिचाही तळ दिसतो.

नेपाळच्या विजेला आता गिऱ्हाईकं मिळू लागली आहेत. नोव्हेंबर 2021 मध्ये भारताने आपल्या वीजबाजारात 39 मेगावॉट विकायची परवानगी दिली, आणि जानेवारी 2024 मध्ये दहा वर्षांत 10,000 मेगावॉट घेण्याचा करार झाला. ऑक्टोबर 2024 मध्ये भारतातून तारा नेऊन बांगलादेशला 40 मेगावॉट द्यायचंही ठरलं. त्या विक्रीची मुदत दरवर्षी 15 जून ते 15 नोव्हेंबर.