मुंबई ते मडगाव, माणशी किती कार्बन?

रेल्वेचं चाक रुळाला जिथे टेकतं ती जागा रुपयाच्या नाण्याहूनही लहान असते. भरलेल्या डब्याचं वजन पन्नास-साठ टन आणि चाकं आठ, म्हणजे एवढ्याशा जागेवर सहा-सात टनांचा भार. तरी पोलाद इतकं कठीण, की चाकही फारसं दबत नाही आणि रूळही. मोटारीच्या टायरचं तसं नाही. पनवेलहून निघून महाडला चहाला थांबलात की टायरला हात लावून पाहा, चांगलाच गरम लागेल. प्रत्येक फेऱ्यात रबर रस्त्यावर चेपतं, पुन्हा फुगतं आणि त्यात पेट्रोलमधली काही ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. तेवढंच वजन रुळावरून ढकलायला साधारण दहाव्या हिश्श्याचा जोर पुरतो.

पर्यावरणाला कमीत कमी त्रास देऊन प्रवास कसा करावा, याचं निम्मं उत्तर या चाकात आहे. उरलेलं निम्मं, त्या चाकावर माणसं किती बसली आहेत यात. दुसऱ्या निम्म्याकडे आपण फार दुर्लक्ष करतो, म्हणून एकदा हिशेब मांडूनच पाहू. आकडे ढोबळ आहेत, पण फरक इतके मोठे आहेत की थोड्या कमीजास्तीने निष्कर्ष बदलत नाही.

मुंबई ते मडगाव रस्त्याने सुमारे ५९० किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर ॲव्हरेज देणाऱ्या मोटारीला ३९-४० लिटर पेट्रोल लागेल. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, मग त्यातून सव्वादोन किलो वायू कसा निघतो? पेट्रोलमध्ये मुख्यतः कार्बन असतो. जळताना त्याच्या प्रत्येक अणूला हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात आणि वजनाचा मोठा वाटा त्या ऑक्सिजनचा असतो. तर, मोटारीचा हिशेब झाला ९० किलो. चालक एकटाच असेल तर सगळा त्याच्या नावावर, चौघे असतील तर माणशी २२-२३ किलो.

विमानाचं काय? मुंबई-गोवा या तासाभराच्या उड्डाणाला दीडएकशे प्रवाशांच्या जेट विमानात सव्वादोन टनांच्या आसपास इंधन जळतं. एक किलो विमान-इंधनातून ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे माणशी ४५ ते ५० किलो. छोट्या पल्ल्यावर विमान विशेष महाग पडतं, कारण सगळ्यात जास्त इंधन उडताना आणि वर चढताना लागतं, आणि वर पोहोचेपर्यंत उतरायची वेळ होते. तरीही एकट्याने मोटारीने जाणारा माणूस या विमानप्रवाशाच्या जवळजवळ दुप्पट कार्बन सोडतो, हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. विमानामागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेघा आणि त्यातून पसरणारे विरळ ढग हेही उष्णता अडवून ठेवतात, ती या हिशेबात धरलेली नाही.

आता एसटी. डिझेलची बस लिटरला चार-साडेचार किलोमीटर जाते आणि एक लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. चाळीस प्रवासी असतील तर माणशी नऊ-दहा किलो. मागून काळा धूर सोडणारी लाल गाडी पाहून कुणाचाही यावर विश्वास बसणार नाही, पण चाळीसने भागलं की चित्र पालटतं.

आणि रेल्वे. विजेवरच्या लांब पल्ल्याच्या गाडीला हजार टन वजन एक किलोमीटर न्यायला साधारण २० युनिट वीज लागते. बावीस डबे, इंजिन आणि प्रवासी मिळून १२५० टनांच्या आसपास वजन. मडगावपर्यंतच्या ५८० किलोमीटरला साडेचौदा हजार युनिट लागतील. प्रवासी १४०० धरा, माणशी दहा युनिट. आपल्याकडची बरीच वीज अजून कोळशाची असल्याने एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड येतो. म्हणजे माणशी सात-आठ किलो. हवेच्या विरोधाचाही इथे फायदा होतो: समोरून हवा कापायचं मुख्य काम इंजिन करतं, मागचे डबे त्याच्या आडोशाने येतात.

इलेक्ट्रिक मोटार घेतली की प्रश्न सुटला असं वाटणाऱ्यांनी हे दहा युनिट लक्षात ठेवावेत. तीच मोटार १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट घेते, म्हणजे मडगावपर्यंत ८८. एकटे गेलात तर ६० किलोंच्या वर कार्बन. पेट्रोलपेक्षा नक्कीच बरं, पण एसटीच्या सहापट. एका माणसासाठी दीड टन लोखंड आणि बॅटरी ओढत न्यायची, हा मूळ घोटाळा इंजिन बदलून मिटत नाही.

हाच नियम रेल्वेच्या आतही लागू होतो. नव्या पद्धतीच्या एलएचबी डब्यात स्लीपरला ८० बर्थ असतात, थर्ड एसीला ७२ आणि फर्स्ट एसीला २४. डब्याचं वजन जवळपास तेवढंच. म्हणजे फर्स्ट एसीचा प्रवासी थर्ड एसीवाल्याच्या तिप्पट वजन ओढवून घेतो. जनरल डब्यात दाटीवाटीने बसलेला चाकरमानी या देशात सगळ्यात स्वच्छ प्रवास करतो आणि त्याचं श्रेय त्याला कुणी देत नाही.

कोकण रेल्वेच्या आखणीचाही यात वाटा आहे. भोर घाटात लोहमार्ग दर ३७ मीटरला एक मीटर चढतो, म्हणून गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. कोकण रेल्वेवर तीव्रातीव्र चढ १५० मीटरला एक मीटर एवढाच ठेवला. त्यासाठी डोंगर टाळण्याऐवजी पोखरले: ९१ बोगदे, त्यात करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा, आणि लहानमोठे दोन हजारांच्या आसपास पूल. १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्ग सुरू झाला, २०२२ मध्ये त्याचं संपूर्ण विद्युतीकरण झालं. १९९९ पासून भरलेले ट्रकही रेल्वेवर चढवून कोलाड ते वेर्णा नेले जातात, म्हणजे तेवढ्या अंतराचं ट्रकांचं डिझेल वाचतं.

पण एक गोष्ट या मार्गाला मागे ओढते. कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाने गाडी ‘क्रॉसिंगला’ ताटकळलेली अनुभवली आहे. रूळ एकच, समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची तर आपली बाजूला उभी करायची. यात वेळेसोबत वीजही जाते. ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या १२५० टनांच्या गाडीत सुमारे १३० युनिट ऊर्जा गतीच्या रूपात साठलेली असते, मध्यमवर्गीय घराच्या महिन्याभराच्या विजेएवढी. ब्रेक लावताना आधुनिक इंजिन तिचा काही भाग तारेत परत पाठवतं, बाकीची ब्रेक तापवण्यात जाते. पुन्हा वेग घ्यायला ती नव्याने लागते. एका प्रवासात असे थांबे कितीतरी.

याहून मोठं नुकसान वेगळं आहे. एकेरी मार्गावर गाड्या वाढवायला मर्यादा येते, म्हणून गणपतीत तिकीट मिळत नाही, आणि सात किलोंत जाऊ शकणारा माणूस नाइलाजाने मोटार काढतो. रोहा ते वीर हा ४६ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. पुढचा बहुतेक मार्ग अजून एकेरीच आहे. बोगद्यांमुळे दुसरा रूळ टाकणं खर्चाचं आहे आणि त्या सिमेंट-पोलादाचाही कार्बन आहेच. तरी कोकणच्या प्रवासातला कार्बन कमी करायला याहून मोठा उपाय मला दिसत नाही. तोवर ज्यांचं वेटिंग सुटत नाही त्यांनी एसटीचा विचार जरूर करावा. माणशी हिशेबात ती रेल्वेच्या दोन-तीन किलोच पुढे आहे, आणि स्टेशनपासून लांबच्या कितीतरी गावांत ती थेट पोहोचते.