डिस्कोचा ठेका आणि स्वयंभू गंधार

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर मामेभावाने फॉरवर्ड टाकला. ‘अ‍ॅसिड हाऊस’ नावाचं जगभर गाजलेलं नाचाचं संगीत म्हणे अमेरिकेने नाही, एका मुंबईकराने शोधलं आणि तेही आपल्या रागांमधून. खाली तीन तिरंगे आणि ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’. गंमत म्हणजे यातला अर्धा भाग खरा आहे.

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात बेस गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे मुंबईचे वादक. १९८२ मध्ये एचएमव्हीने त्यांची तबकडी काढली, ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. भैरव, ललत, तोडी, मालकंस असे दहा राग, पण तबला नाही, सारंगी नाही. सगळं रोलँड कंपनीच्या यंत्रांवर: ठेका टीआर-८०८ या ताल-यंत्राचा, बेस टीबी-३०३ या बेस-यंत्राचा, राग ज्युपिटर-८ सिंथेसायझरवर. गिऱ्हाईक फिरकलं नाही आणि तबकडी विसरली गेली. २०१० मध्ये एका डच कंपनीने ती पुन्हा काढली, तेव्हा युरोपातले श्रोते चक्रावले. कारण हाच चिवचिवता, ओला बेस शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाने ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ या अ‍ॅसिड हाऊसच्या रचनेत वापरला तो १९८७ साली. कुणीतरी आजच काहीतरी बनवून जुनं म्हणून खपवतंय, असा संशयही काहींनी घेतला. मग सत्तरीत पोचलेले सिंग युरोपात कार्यक्रम करू लागले. २०१५ मध्ये ते मुंबईत वारले.

पण शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकून नक्कल केली, असा काहीही पुरावा नाही. मग दोघांचा आवाज इतका सारखा कसा? उत्तर त्या ३०३च्या डब्यात आहे.

चंदेरी प्लास्टिकचा डबा, खाली एका सप्तकाच्या इवल्याशा पट्ट्या, वर सहा खुंट्या. एकट्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून जपानमध्ये तो १९८१ साली बाजारात आणला गेला. सूर एकदा भरायचे आणि त्यांचा काळ वेगळा भरायचा, अशी किचकट भानगड. बेस गिटारसारखा तो मुळीच वाजत नसे. १९८४ पर्यंत उत्पादन बंद झालं आणि हे डबे जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळू लागले. शिकागोच्या पोरांना परवडले ते त्यामुळेच.

आत होतं ते असं. डबा आधी करवतीच्या दात्यांसारखी लहर तयार करतो. समजा खर्जाचा सा ५५ हर्ट्झचा. या लहरीत ५५बरोबर ११०, १६५, २२०, २७५ असे सगळे पटीतले उपस्वरही असतात. दुसरा म्हणजे वरचा सा, तिसरा पंचम, चौथा पुन्हा सा आणि पाचवा शुद्ध गंधार. तंबोरा छेडल्यावर कुणी न लावता ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच. पुढे फिल्टर. तो ठरावीक उंचीच्या वरचे उपस्वर छाटतो आणि ती उंची एका खुंटीने वरखाली करता येते.

खरी करामत शेजारच्या खुंटीची, रेझोनन्सची. फिल्टरमधून बाहेर पडलेला आवाज थोडा मागे फिरवून पुन्हा आत सोडायचा. गणपतीच्या मांडवात माईक स्पीकरसमोर गेला की ‘कुईंऽऽ’ होतं, तेच हे, फक्त त्या किंचाळीच्या एक पाऊल अलीकडे थांबवलेलं. परिणामी छाटणीच्या रेषेवर जो उपस्वर असेल तोच फुगतो. आता खुंटी हळूहळू फिरवा. खालचा सा जागचा हलत नाही आणि वर पंचम, सा, गंधार, पंचम एकेक करून उजळत जातात. हाच तो ‘अ‍ॅसिड’ आवाज. करून बघायचं तर एकच सूर धरून ‘ऊ’पासून ‘ई’पर्यंत तोंड अगदी सावकाश बदला. मध्ये बारीक शिट्ट्या ऐकू येतील.

तंबोऱ्याची जवारी हेच काम विजेशिवाय करते. घोडीवर तारेखाली दोरा सरकवला की तार पसरट पृष्ठाला चाटत कंप पावते आणि उपस्वर झळाळून उठतात. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं होतं की, तार जिथे छेडली तिथे ज्यांचा स्थिर बिंदू येतो, म्हणजे नियमाने जे उमटायलाच नकोत, असे उपस्वरही तंबोऱ्यात उमटतात.

शिवाय ३०३मध्ये मींडही आहे, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. सूर व्होल्टेजने ठरतो, सप्तकाला एक व्होल्ट, म्हणजे सप्तकातल्या बारापैकी प्रत्येक पायरीला त्याचा बारावा भाग. ‘स्लाइड’ लावली की हे व्होल्टेज रोधातून हळूहळू वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये भरतं. नव्या सुरापर्यंतचा उरलेला फरक घातांकी पद्धतीने घटतो, म्हणून सूर आधी झपकन सुटतो आणि पोचता पोचता मंदावतो. गायकाच्या मींडेशी याची तुलना फार ताणू नये, कारण हा वेळ ठरलेला असतो. तोडीचा अतिकोमल, म्हणजे कोमलपेक्षाही किंचित उतरलेला गंधारही या समान बारा पायऱ्यांत सापडत नाही.

रागात कॉर्ड बदलत नाहीत, शिकागोच्या त्या संगीतातही जवळपास नाहीत. बेस जागच्या जागी घोटाळत राहिला की कान आपोआप आवाजाच्या पोताकडे वळतो. तोच डबा आणि तोच स्थिर सा मिळाल्यावर तेच ऐकू येणार. यात प्राचीन ज्ञान शोधणाऱ्यांसाठी सांगतो, तबकडीत मेघमल्हारही आहे. ती लावून पाऊस पडत असता तर मराठवाड्यात टँकर लागले नसते.

मला मात्र मालकंस जास्त छळतो. त्यात शुद्ध गंधार आणि पंचम दोन्ही वर्ज्य. पण बेसच्या सा वर फिल्टर तिसऱ्या-पाचव्या उपस्वराशी घुटमळला, तर नेमके तेच दोघे आत शिरणार. हेडफोन लावून मी त्यांची वाट बघत बसतो.